पैसे संपतात हे मुलांना कसं कळलं? तुमचे अनुभव सांगा

माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. मागच्या आठवड्यात दुकानात त्याला रिमोटची गाडी हवी होती. मी म्हटलं, "आत्ता नको रे, पैसे नाहीत." त्यानं माझ्या पर्समधून फोन काढला आणि माझ्या हातात ठेवला. "यात आहेत की, आई." उद्धटपणा नव्हता त्यात. मी विसरले असेन म्हणून तो मला मदत करत होता.

घरी येताना सारखं तेच मनात घोळत होतं. आमच्या लहानपणी आई महिनाअखेरीला डबा उघडून नोटा मोजायची आणि उरलेल्या परत घडी करून ठेवायची. आम्हाला कुणी काही शिकवलं नाही, पण डबा रिकामा होताना दिसायचा. माझ्या मुलाला फक्त फोनचं 'टिंग' ऐकू येतं.

केंब्रिज विद्यापीठाच्या डेव्हिड व्हाइटब्रेड आणि स्यू बिंगहॅम यांनी 2013 साली आधीच्या संशोधनाचा आढावा घेतला होता. पैशांबाबतच्या बऱ्याच सवयींचा पाया सातव्या वर्षापर्यंत पडतो, असं त्यात म्हटलंय. त्यांचा भर हिशेबावर कमी आणि थांबता येणं, आधी विचार करता येणं यावर जास्त आहे. म्हणजे माझ्या हातात दोन वर्षं आहेत. खाऊचे पैसे कधी सुरू केलेत? काय फसलं? "नाही" कसं म्हणता? मोकळेपणानं लिहा.

* * *

मुलगी साडेचार वर्षांची होती तेव्हा काचेची बरणी दिली. गल्ला मुद्दाम नाही आणला, कारण त्यात टाकलेले पैसे मुलांच्या लेखी गायब होतात. बरणीत पातळी चढताना दिसते, उतरताना जास्तच दिसते.

एक गंमत सांगते. बरणी भरली म्हणून मी नाण्यांच्या बदल्यात तिला एक नोट दिली. तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. माझे एवढे सगळे घेतलेस आणि हा एकच कागद दिलास! मग जमिनीवर बसलो. नोट मध्ये ठेवली, भोवती नाणी मांडली, दहा वेळा अदलाबदल केली. ती मान डोलवायची आणि शेवटी नाणीच उचलायची. नंतर कळलं की यात तिचा हट्ट नव्हताच. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या पियाजे या मानसशास्त्रज्ञानं दाखवलंय की या वयात मुलं दिसण्यावर जातात. नाणी जवळजवळ ठेवली तर कमी, पसरून ठेवली तर जास्त. सातच्या आसपास ते आपोआप सुटतं. तेव्हा अगदी लहान मुलांना नोटा देऊ नका, नाणीच द्या. वेळ आली की मुलंच नाण्यांच्या बदल्यात नोट मागायला येतील.

* * *

माझी चूक लिहितो, कारण ती अनेक घरांत होत असणार. मुलाच्या डब्यातून मी अधूनमधून सुट्टे घ्यायचो. "हातउसने घेतोय, उद्या देतो." उद्या कधी यायचाच नाही, आणि मला वाटायचं की सगळे पैसे माझेच तर आहेत. तीन-चार महिन्यांनी लक्षात आलं, तो पैसे मिळाले की त्याच दिवशी उडवतो. मी त्याला थेंबे थेंबे तळे साचे ऐकवत होतो आणि तळ्याला भोक मीच पाडलं होतं.

रोचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग मी पुढे वाचला. 2013 साली तो प्रसिद्ध झाला. मुलं 28 होती. आधी एका मोठ्या माणसानं त्यांना चित्रकलेचं चांगलं सामान आणून देईन असं सांगितलं. निम्म्या मुलांच्या बाबतीत शब्द पाळला, निम्म्यांच्या बाबतीत मोडला. नंतर खाऊ समोर ठेवून "थांबलास तर दुप्पट" असं सांगितलं. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली. मोडलेला पाहिलेली 3 मिनिटं. माझा मुलगा उधळा नव्हता, शहाणा होता. घरात ठेवलेलं राहत नाही हे त्याला अनुभवानं कळलं होतं.

जेवढं आठवलं तेवढं परत केलं, त्याच्यासमोर मोजून. आता घ्यायचे झाले तर चिठ्ठी लिहून डब्यात टाकतो. दोन चिठ्ठ्या फेडल्यावर त्यानं पहिल्यांदा पुढच्या महिन्यासाठी पैसे मागे ठेवले.

* * *

प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गात दुकान-दुकान खेळतो तेव्हा कळतं की मुलांच्या डोक्यात किती वेगळं चित्र असतं. सहा वर्षांच्या अनेक मुलांना वाटतं की दुकानदार आईला पैसे देतो! कारण त्यांना सुट्टे परत मिळताना दिसतात. दुकानदाराला तो माल विकत घ्यावा लागतो हे तर फार उशिरा सुचतं. गुस्ताव जहोदा या मानसशास्त्रज्ञानं 1979 साली ग्लासगोच्या मुलांबद्दल हेच लिहिलं होतं. दुकानदार ज्या भावात आणतो त्याच भावात विकतो, असं त्यातल्या बऱ्याच मुलांना वाटायचं. मी काय करते, मुलांना आळीपाळीनं दुकानदार करते. खेळ संपला की दुकानदाराच्या डब्यात काय उरलं ते मोजायचं. विकत घेणाऱ्यापेक्षा विकणारा जास्त शिकतो.

* * *

घरकामाचे पैसे द्यावेत का? आम्ही दिले आणि पस्तावलो. आठवडाभरात "पाणी आणून दे" म्हटलं की "किती देणार?" सुरू झालं. आता खाऊचे पैसे ठरलेल्या वारी, कामाशी संबंध नाही.

* * *

आमच्याकडे उलट. रोजची कामं फुकट, पण गाडी धुणं, माळा आवरणं याचे पैसे. मुलगा नऊ वर्षांचा आहे, छान चाललंय. वयाचाही फरक असावा.

* * *

दोन वर्षांपूर्वी माझी नोकरी सुटली. आठ महिने घरी होतो. मुलगी सात वर्षांची. तिला काही कळू नये म्हणून आम्ही रात्री हळू आवाजात बोलायचो, आणि दिवसा काहीही मागितलं तरी एकच उत्तर द्यायचो, पैसे नाहीत. तिनं मागणं बंद केलं. सगळे म्हणायचे, किती समजूतदार पोर! आम्हालाही बरं वाटायचं.

एका रविवारी तिची नखं कापायला बसलो. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी. बूट आणायला सांगितला, आत हात घातला, तर पुढच्या टोकाला अंगठ्याचा खळगा पडलेला. कित्येक आठवडे ती बोटं आत दुमडून चालत होती. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? पाय मागे ओढून घेत म्हणाली, "अजून चालतायत, बाबा."

त्या रात्री आम्ही दोघं झोपलो नाही. "पैसे नाहीत" या वाक्याला लहान मुलाच्या मनात तळ नसतो हो. खेळणं नाही, मग बूट नाही, मग जेवण नाही, मग घर नाही, असं ते एकटं खाली खाली जात राहतं. दुसऱ्या दिवशी तिला शेजारी बसवून पाकिटं केली. घरभाडं, किराणा, शाळा, औषधं, कपडे-बूट. प्रत्येकात पैसे घालताना तिला दाखवलं. मग एक पाकीट रिकामं ठेवून सांगितलं, हे सहलीचं, यात सध्या काही नाही. तिनं कपडे-बुटांचं पाकीट तीनदा उघडून पाहिलं.

चणचण असलेल्या घरातल्या आईबाबांना कळकळीनं सांगतो, काय नाही ते सांगाच, पण काय आहे ते आधी सांगा.

* * *

वरचं वाचून डोळे भरून आले. मी आजी आहे, दोन नातवंडं सांभाळते. माझ्या मुलाला-सुनेला मी एवढंच म्हणते, ऐपत असताना "पैसे नाहीत" म्हणू नका. संध्याकाळी दारात तुमचं पार्सल येतं, ते पोरं बघतात. "यावर आपण खर्च करणार नाही" असं सरळ म्हणा. रडतील थोडा वेळ. रडू द्या.

* * *

सगळ्यांचे मनापासून आभार. आजी, तुमचं वाक्य मी जसंच्या तसं वापरलं. दहा मिनिटं भोकाड पसरलं होतं, मग थांबला.

पाकिटांचं वाचून एक करून पाहिलं. महिन्याचे वरखर्चाचे जेवढे पैसे, त्याचे कागदावर 30 चौकोन आखून तो फ्रिजवर लावला. फोनमधून टिंग झालं की त्यातले किती गेले ते मी सांगायचं आणि त्यानं तेवढे रंगवायचे. पहिल्या आठवड्यात रंगवायची मजा म्हणून "अजून काहीतरी घे ना" म्हणायचा. वीस झाल्यावर खडू हळू चालायला लागला. काल महिना संपला. खालच्या ओळीत तीन चौकोन कोरे होते. बराच वेळ बघत उभा राहिला आणि विचारलं, "आई, हे कुणाचे?"