म्हशीची प्रोजेस्टेरॉन तपासणी कुठे होते? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मुऱ्हा म्हैस, दुसरं वेत, व्यायला सात महिने झाले तरी माज दिसत नाही. ना ओरडते, ना सोट (योनीतून चिकट स्राव) टाकते. एकदा पहाटे पान्हा चोरला, तेवढंच. मुका माज असावा, म्हणजे माज येतो पण लक्षणं दिसत नाहीत. डॉक्टर म्हणतात, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त घेऊन प्रोजेस्टेरॉन (बीज सुटल्यावर अंडाशयातून येणारं संप्रेरक) बघू. दोन्ही वेळा मिलिलिटरला १ नॅनोग्रॅमच्या खाली आलं तर अंडाशय झोपलेलं. एकदा जरी वर गेलं तर चक्र चालू आहे, आपल्यालाच कळत नाही. पटलं. पण तालुक्याला सोय नाही. सांगली-साताऱ्याकडे कुणी केली आहे का? खर्च किती आला? नमुना बर्फातून नेला का? खनिज मिश्रण, जंताचं औषध झालंय, तेवढं सोडून सांगा.