‘मवाळ’ उमेदवार की ‘मध्यममार्गी’? आणि ‘मत’ म्हणजे नक्की काय?

प्रश्न

अमेरिकेतल्या २००८च्या अध्यक्षीय निवडणुकीवर मराठीत लेख लिहितेय. त्या वर्षी फेब्रुवारीत जॉन मॅकेन हेच रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार होणार हे जवळजवळ पक्कं झालं आणि पक्षातल्या कडव्या कॉन्झर्व्हेटिव्ह मतदारांत वाद पेटला. या माणसाला मत द्यायचं की घरी बसायचं? मला तो वाद मांडायचाय, पण पहिल्याच वाक्याला गाडी अडलीय. वाक्य असं झालंय :

‘पुराणमतवादी मतदार मवाळ उमेदवाराला नाक दाबून मत देतील का?’

शब्दकोशात पाहूनच शब्द घेतलेत, तरी वाचताना खटकतंय. चुकतंय कुठे?

प्रतिसाद

‘नाक दाबून’ आधी काढा. मराठीत नाक दाबलं की तोंड उघडतं, म्हणजे तिथे दुसऱ्याची कोंडी असते. तुमचे मतदार कुणाची कोंडी करत नाहीत, स्वतःची नावड गिळताहेत. ‘मन मारून’ किंवा ‘नाइलाजाने’ लिहा. मत देणार पण कुरकुरत देणार असं दाखवायचं असेल, तर ‘नाक मुरडत’ चालेल. नाक राहील आणि अर्थही बरोबर येईल.

प्रतिसाद

नाकाचं वरच्यांनी बरोबर सांगितलं. माझं म्हणणं ‘मवाळ’बद्दल आहे, आणि ते जरा लांबेल.

मराठीत ‘मवाळ’ हा शब्द राजकारणात रुळला तो ‘जहाल’च्या जोडीने. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा एका बाजूला गोखले आणि फिरोजशहा मेहता होते, दुसऱ्या बाजूला टिळक. त्यांच्यातला वाद बराचसा मार्गाचा होता. अर्ज-विनंत्या, सनदशीर चळवळ आणि धीर, की बहिष्कार आणि लोकांचा रेटा? म्हणून ‘मवाळ’ म्हटलं की मराठी वाचकाला माणसाची रीत दिसते, त्याच्या बोलण्याची आणि लढण्याची धार दिसते. ‘मऊ’ तर शब्दात कानालाच ऐकू येतो.

आता मॅकेन डोळ्यांपुढे आणा. ऑक्टोबर १९६७ मध्ये त्यांचं विमान हनोईवर पाडलं गेलं आणि मार्च १९७३ पर्यंत, म्हणजे साडेपाच वर्षं, ते कैदेत होते. तापट म्हणून सिनेटमध्ये प्रसिद्ध. इराकमध्ये जास्त सैन्य पाठवा हे हट्टाने सांगणाऱ्यांतले एक. हा माणूस कुठल्या अंगाने मवाळ? कडव्या मतदारांची तक्रारही तो मऊ आहे अशी नव्हतीच. तक्रार ठरावीक मुद्द्यांवर होती. २००१ आणि २००३च्या करकपातींविरुद्ध त्यांनी मत दिलं. निवडणूक-निधीवर निर्बंध आणणारा २००२चा कायदा त्यांनी डेमोक्रॅट फाइनगोल्ड यांच्यासोबत आणला. २००५ मध्ये न्यायाधीशांच्या नेमणुकांवरून सिनेट अडून बसलं, तेव्हा दोन्ही पक्षांच्या सात-सात जणांनी मिळून तोडगा काढला, त्यात ते होते. आणि सगळ्यांत जिव्हारी लागलेली गोष्ट म्हणजे स्थलांतरितांच्या कायद्यासाठी त्यांनी डेमोक्रॅट टेड केनेडींशी केलेली हातमिळवणी.

थोडक्यात, रीत जहाल आणि भूमिका मधल्या. अशा माणसाला ‘मवाळ’ म्हटलं की वाचकाच्या मनात चुकीचं चित्र उभं राहतं. इथे ‘मध्यममार्गी’ हवा.

प्रतिसाद

नाही पटलं. ‘मध्यममार्गी’ शब्दात शाबासकी आहे. बुद्धाच्या शिकवणुकीतून आल्यामुळे मराठी कानाला मध्यम मार्ग हाच शहाणपणाचा मार्ग वाटतो. हे मतदार मॅकेनला शिव्या घालत होते, आणि तुम्ही शिवीच्या जागी प्रशस्तिपत्रक ठेवताय. ‘मवाळ’ला निदान थोडी बोच आहे. वर्तमानपत्रं इतकी वर्षं हाच शब्द वापरतात, वाचकाला तो लगेच कळतो.

प्रतिसाद (‘मध्यममार्गी’ सुचवणाऱ्याकडून)

शाबासकीचा मुद्दा मान्य. ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

उलट एके ठिकाणी ‘मवाळ’शिवाय पानही हलत नाही, तेही सांगतो. १९६४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या रिपब्लिकन अधिवेशनात कडव्यांचे लाडके बॅरी गोल्डवॉटर यांनी अध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारताना म्हटलं होतं की स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी केलेला अतिरेक हा दुर्गुण नव्हे, आणि न्यायाच्या शोधात ‘मॉडरेशन’ हा सद्गुण नव्हे. ‘मॉडरेशन’च्या जागी मी आधी ‘संयम’ ठेवून पाहिलं. वाक्य कोसळलं, कारण मराठीत संयम हा सद्गुणच असतो, त्याला दुसरी बाजू नाही. ‘मध्यममार्ग’ ठेवलं तर तुम्ही म्हणता तेच होतं. ‘मवाळपणा’ ठेवला आणि वाक्य ताठ उभं राहिलं. तिथे बोलणारा रीतीबद्दलच बोलत होता ना!

याच गोल्डवॉटरांची अ‍ॅरिझोनाची सिनेटची जागा १९८७ साली मॅकेनकडे आली. कडव्यांच्या रागाला हेही एक कारण असावं असं मला वाटतं. घरचा वारसा परक्याच्या हाती गेल्यासारखं.

मग बोच कशी आणायची? माझं मत असं की निवेदन तुमचं असेल तिथे ‘मध्यममार्गी’ ठेवा, आणि मतदारांच्या तोंडी त्यांचा शब्द द्या. ‘बोटचेपा’, ‘गुळमुळीत’, ‘तळ्यात-मळ्यात करणारा’. त्यांची आवडती शिवी होती ‘रायनो’. ‘फक्त नावापुरता रिपब्लिकन’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जुळवून ती केलेली, आणि उच्चार गेंड्याच्या इंग्रजी नावासारखा. तो गेंडा मराठीत आणायच्या भानगडीत पडू नका. ‘नावापुरता रिपब्लिकन’ पुरे, त्यात राग आहे.

प्रतिसाद

‘पुराणमतवादी’बद्दल कुणीच बोललं नाही. मला तो सगळ्यांत जास्त खटकतो.

स्वतःला अभिमानाने ‘पुराणमतवादी’ म्हणवणारा माणूस मी पाहिलेला नाही. तो शब्द नेहमी दुसऱ्याने चिकटवलेला असतो. अमेरिकेतला कॉन्झर्व्हेटिव्ह मात्र ते नाव छातीवर मिरवतो. फेब्रुवारी २०१२ मध्ये रिपब्लिकन उमेदवारीच्या शर्यतीतल्या मिट रॉम्नी यांना अशाच लोकांच्या मेळाव्यात ‘मी अतिशय कडक कॉन्झर्व्हेटिव्ह आहे’ असं सांगावं लागलं होतं, कारण मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर असताना त्यांनी केलेला २००६चा आरोग्यविम्याचा कायदा लोक विसरायला तयार नव्हते. तिथे ‘मी कडक पुराणमतवादी आहे’ असं भाषांतर केलंत, तर माणूस स्वतःचीच निंदा करतोय असं वाटेल.

‘सनातनी’ म्हटलं की धर्मच समोर येतो. ‘परंपरावादी’ बरा, पण यातल्या कित्येकांना परंपरेपेक्षा कमी कर आणि लहान सरकार हवं असतं. ब्रिटनच्या पक्षासाठी आपल्याकडे ‘हुजूर पक्ष’ हा सुंदर शब्द होता, ‘मजूर पक्षा’शी यमक जुळणारा. तो अमेरिकेला लावता येत नाही, तिथे हुजूरच नाहीत.

उरला ‘उजवा’. तो चालेल, पण जपून. मराठीत उजवा म्हणजे सरसही. कॉन्झर्व्हेटिव्ह लेखक-संपादक विल्यम बकली यांचा १९६७चा नियम या वादात प्रत्येक वेळी निघतो : जिंकू शकेल अशांपैकी सर्वांत उजव्या उमेदवाराला पाठिंबा द्या. हे मराठीत असंच लिहिलं, तर वाचक ‘सर्वांत चांगला उमेदवार’ असं वाचेल आणि नियमातला सगळा ताण निघून जाईल. तिथे ‘सर्वांत उजव्या विचारांचा’ असं फोडून लिहा. बाकी लेखात ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ सरळ ठेवून द्या. वाचकाला तो शब्द परका नाही.

प्रतिसाद

मला वाटतं, तुमच्या वाक्यातला सगळ्यांत मोलाचा शब्द ‘मत’ आहे, आणि त्यावर कुणाचीच नजर गेली नाही.

मराठीत मत म्हणजे विचार, आणि मत म्हणजे मतपेटीत पडतं तेही. इंग्रजीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. तिथल्या मतदारांना हा वाद घालायला पानंच्या पानं लागली. आपल्याकडे तो एका शब्दात आहे : ज्याच्याशी माझं मत जुळत नाही, त्याला मी मत कसं देऊ?

एका गटाचं उत्तर होतं, देऊच नये. धार्मिक कार्यकर्ते जेम्स डॉब्सन यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये जाहीर केलं की मॅकेनना मत देणं माझ्या सदसद्विवेकात बसत नाही. (सारा पेलिन उपाध्यक्षपदाच्या उमेदवार झाल्यावर ते पुढे नरमले.) या गटासाठी मतपत्रिका म्हणजे स्वतःच्या विचाराखाली केलेली सही.

दुसरा गट म्हणायचा, दगडापेक्षा वीट मऊ. त्यांचा सगळा भर सर्वोच्च न्यायालयावर होता. तिथले न्यायाधीश तहहयात असतात, आणि त्या फेब्रुवारीत न्या. स्टीव्हन्स ८७ वर्षांचे होते. जागा रिकामी होईल तेव्हा नाव सुचवायला कोण बसलेलं हवं? मॅकेन हरले. २००९ मध्ये न्या. सूटर निवृत्त झाले, २०१० मध्ये स्टीव्हन्स, आणि दोन्ही जागा ओबामांनी भरल्या : सोतोमायोर आणि केगन. विटेची बाजू घेणाऱ्यांना हा आपल्या म्हणण्याचा पुरावा वाटला. पहिल्या गटाचं उत्तरही दमदार होतं. सूटर यांना १९९० साली नेमलं होतं थोरल्या बुश यांनी, रिपब्लिकन अध्यक्षांनीच, आणि ते पुढे बहुतेक वेळा उदारमतवादी न्यायाधीशांच्या बाजूने गेले. म्हणजे वीटही डोक्यात पडतेच.

मला या दुसऱ्या गटासाठी ‘कौल’ हा शब्द वापरावासा वाटतो. देवाला कौल लावतात तेव्हा उत्तरं दोनच असतात, उजवा नाहीतर डावा. ‘मला तिसरंच काही हवंय’ हे तिथे विचारता येत नाही. नोव्हेंबरची अमेरिकन निवडणूक जवळजवळ तशीच आहे. मेन आणि नेब्रास्का सोडले तर राज्यात जो पुढे त्याला त्या राज्याची सगळी निर्वाचक मतं (अध्यक्ष ठरतो तो याच मतांवर). १९९२ मध्ये अपक्ष रॉस पेरो यांना सुमारे १९ टक्के लोकांनी मत दिलं आणि निर्वाचक मत एकही मिळालं नाही. प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या मतदानात, मात्र चार-सहा जण उभे असतात. तिथे माणूस खरोखर मत देतो. नोव्हेंबरमध्ये तो कौल देतो. हा फरक लेखात आला तर वाद आपोआप उलगडेल.

प्रतिसाद

कौलाचं फार आवडलं, पण प्रायमरीतही कौलाचा विचार करावाच लागतो. डेलावेअर, सप्टेंबर २०१०. माइक कॅसल माजी गव्हर्नर, वर्षानुवर्षं निवडून येणारे आणि मध्यममार्गी. रिपब्लिकन मतदारांनी मनापासून मत दिलं आणि कडव्या क्रिस्टीन ओडॉनल यांना उभं केलं. नोव्हेंबरमध्ये ती सिनेटची जागा डेमोक्रॅट ख्रिस कून्स यांनी मोठ्या फरकाने घेतली.

आणि घरी बसणाऱ्यांना ‘तटस्थ’ लिहू नका, अशी विनंती. ते तटस्थ नसतात. त्यांना पक्षाला अद्दल घडवायची असते. १९७६ मध्ये रिपब्लिकन अधिवेशनात कडव्यांचे लाडके रेगन तेव्हाचे अध्यक्ष फोर्ड यांच्याकडून ११८७ विरुद्ध १०७० मतांनी हरले, फोर्ड पुढे डेमोक्रॅट कार्टरकडून हरले, आणि १९८० मध्ये रेगन आले. आता हरू, मग आपला माणूस येईल, हा हिशेब तिथून येतो. स्वतः रेगन यांनी मात्र ७६ मध्ये फोर्डना पाठिंबा दिला होता, हे हिशेब मांडणारे पुष्कळदा सांगत नाहीत.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मी एक शब्द विचारायला आले होते, आणि लेखाचा आराखडाच बदलला. सुरुवात आता ७ फेब्रुवारी २००८ पासून करतेय. वॉशिंग्टनमध्ये कॉन्झर्व्हेटिव्हांचा वार्षिक मेळावा. रॉम्नी त्याच व्यासपीठावरून माघार घेतात, काही तासांनी मॅकेन बोलायला उभे राहतात आणि स्थलांतराचा विषय निघताच सभागृहातून हुर्यो उठते. नवं वाक्य :

‘मॅकेन यांच्याशी ज्यांचं मत कधीच जुळलं नव्हतं, त्या कॉन्झर्व्हेटिव्हांपुढे आता प्रश्न होता : या नावापुरत्या रिपब्लिकनला नाइलाजाने मत द्यायचं, की पक्षाला अद्दल घडवायची?’

‘पक्षाने मॅकेन यांना तिकीट दिलं’ असं पुढे एके ठिकाणी लिहिलंय. तेवढं चालेल ना?

प्रतिसाद

‘तिकीट’ नको. तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. मॅकेन यांना प्रायमरीत मतदारांनी निवडलं होतं, आणि कडव्यांचं खरं दुखणं तेच होतं, कारण रागवायला कुणी श्रेष्ठीच नव्हते. ‘उमेदवारी जिंकली’ लिहा.