अनुभव सांगा: कुत्रा दुसऱ्याच्या हाती देताना

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली की गोव्यात दोन गोष्टी मिळेनाशा होतात. कदंबाच्या सरकारी बसमध्ये जागा आणि कुत्र्यांच्या बोर्डिंगमध्ये पिंजरा. आमच्या मूळ घरी त्या दिवसांत तीसेक माणसं, गणपतीवर टांगलेली फळा-पानांची माटोळी, पातोळ्या, मध्यरात्रीपर्यंत घुमट वाजवत आरत्या. आणि थोरल्या काकांना उंबऱ्याच्या आत कुत्रा चालत नाही. म्हणून दरवर्षी आमची सुंगट बोर्डिंगला. रस्त्यावरून उचललेली गावठी, शेपटी सोललेल्या सुंगटासारखी, म्हणजे कोळंबीसारखी, वळलेली, म्हणून हे नाव.

जागा मी नीट बघून घेतली होती. फरशी स्वच्छ, डबकं नाही, गोचीड नाही, पंखे चालू, जेवणात चिकन-भात. पिंजऱ्याला चांगलं जाडजूड कुलूप बघून तर बरंच वाटलं. म्हटलं, पळून जायची भीती नाही.

चवथीच्या दुसऱ्या रात्री पावणेतीनला फोन. पाऊस धो धो पडत होता, त्यामुळे आग लागली म्हणताच मला आधी थट्टाच वाटली. छपराखालच्या विजेच्या बोर्डात पाणी झिरपलं होतं आणि बोर्डाच्या बरोबर खाली बिछान्याच्या गोणपाटांची चळत. वर पत्रे असले की पाऊस बाहेरच राहतो, आग आत. नऊ कुत्रे, नऊ कुलपं, आणि चाव्यांचा जुडगा ऑफिसमध्ये त्याच बोर्डाशेजारच्या खिळ्याला. रात्री राहणारा मुलगा झारखंडचा, जेमतेम वीस वर्षांचा. त्याने माडाला आळं करायची कुदळ आणली आणि एकेक कोयंडा उचकटला. नऊच्या नऊ बाहेर काढले. त्यातला एक म्हातारा पग दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. अंगावर भाजल्याची खूण नव्हती.

सुंगट शेवटून दुसरी. दार उघडलं तरी ती बाहेर येईना. कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसली. तो "आजा, आजा" करत होता आणि ती त्याच्याकडे बघत होती. शेवटी पट्ट्याला धरून ओढली. त्याच्या मनगटावर तिच्या दातांची खूण अजून आहे. मी भेटायला गेले तर तोच म्हणतो, "दीदी, उसकी गलती नहीं."

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. कुत्रा ठेवताना आपण खोली बघतो, पण दार कोण, कसं उघडणार ते विचारतच नाही. म्हणून हा धागा. बोर्डिंग असो, कुत्र्याला नवं घर देणं असो, शेजाऱ्याकडे चार दिवस ठेवणं असो. काय चुकलं, काय जमलं, सविस्तर लिहा. जागांची नावं नकोत, भांडणं होतात.


डिचोलीहून

पगबद्दल वाचून लिहितोय. गुरा-कुत्र्यांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून बरीच वर्षं काढली. लोक भाजलेला कुत्रा घेऊन धावत येतात. धूर खाल्लेला मात्र "बरा दिसतोय" म्हणून घरी नेतात. फसगत इथेच होते. फुप्फुसाची सूज चढायला वेळ लागतो, दुसऱ्या दिवशीही धाप सुरू होऊ शकते. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा बसक्या नाकाच्यांचं तर आधीच अवघड. खोकला, लाळ, डोळे चोळणं, लडखडत चालणं दिसलं तर थांबू नका. आणि हिरड्या गुलाबीसर लाल दिसल्या म्हणून खूश होऊ नका. धुरातला कार्बन मोनॉक्साईड वायू रक्तात भिनला की हिरड्या लालभडक दिसतात.

भाजलं असेल तर नळाचं साधं पाणी, धार बारीक, दहा-पंधरा मिनिटं. बर्फ नाही, तूप नाही, टूथपेस्ट तर नाहीच. एकदा एकाने हळद आणि खोबरेल थापून आणलं होतं. ते खरवडून काढताना कुत्र्याचे जे हाल झाले ते आगीत झाले नसतील.


म्हापशाजवळून, स्वतः बोर्डिंग चालवणारा

लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. माझ्याकडेही कुलपंच होती. कारण चोरी. हस्की नाहीतर गोल्डन कोणी उचलून नेला तर मालकाला तोंड काय दाखवणार? आगीचा विचार मनात आलाच नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या क्लबला आग लागून २५ माणसं गेली. अग्निशमन दलाच्या गाड्यांना अरुंद वाटेमुळे आतपर्यंत जाता आलं नाही, हे वाचलं आणि संध्याकाळी मी माझ्याच फाटकात उभा राहिलो. माझी वाट शेताच्या बांधावरून येते. रिक्षा वळवायची तर मागे मागे जावं लागतं. बंब कुठून येणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी भर उजेडात, कसली घाई नसताना, मी आणि कामाच्या बाईने सगळे कुत्रे बाहेर काढून बघायचं ठरवलं. चौदा कुत्रे. अकरा मिनिटं लागली. त्यात दोघं एकमेकांवर धावून गेले, एक बीगल बांधावरून थेट शेतात. रात्री, धुरात, दिवे गेलेले असताना काय झालं असतं ते मी मोजलं नाही.

मग एकेक करत बदललं. कुलपं काढून पट्ट्याला असतो तसला खटक्याचा हूक लावला, एका हाताने उघडतो, कुत्र्याला आतून उघडता येत नाही. चोरासाठी कुलूप फक्त बाहेरच्या फाटकाला, त्याची एक चावी माझ्या कमरेला, एक कामाच्या बाईकडे. प्रत्येक दाराच्या बाहेर त्या त्या कुत्र्याचा पट्टा टांगलेला. मागच्या बाजूला जाळीचं दुसरं आवार केलं, कारण दारं उघडून कुत्रे नुसते सोडून दिले तर आगीतून वाचलेला कुत्रा हायवेवर मरतो. भात शिजवायचा गॅस वेगळ्या छपराखाली, सिलिंडर भिंतीबाहेर. गोणपाटं बंद. बोर्डाला गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर. पावडरचे दोन अग्निशामक, त्यांचा काटा हिरव्यात आहे का ते दर सोमवारी बघतो. धूर ओळखणारी घंटा बसवली ती सुरुवातीला फोडणीलाही वाजायची, जागा बदलली.

चौथ्या वेळी चार मिनिटांवर आलो. चांगलं आहे असं म्हणणार नाही.

गिऱ्हाइकं अजून विचारतात ते एसी आहे का. रात्री तिथे माणूस झोपतो का, हे आजवर दोघांनीच विचारलं.


वाळपईच्या वरच्या अंगाहून

आमच्याकडे पिंजरे नाहीत, भाटं म्हणजे बागायती आहेत. काजूच्या भाटात फेब्रुवारीपासून मे पर्यंत रखवालीचा कुत्रा, गळ्यात साखळी, साखळी झाडाला. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात आगी लागल्या तेव्हा नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं बादल्या लटकवून पाणी ओतायला आली. टीव्हीवर तेच दिसलं. आम्हाला मात्र रात्री डोंगराच्या कडेने सरकणारी तांबडी रेघ दिसायची. वारा फिरला की रेघ वळायची.

आमच्या बाबांनी संध्याकाळीच जाऊन साखळी सोडली. शेजारच्याने "उद्या बघू" म्हटलं. त्याच्याबद्दल एवढंच लिहितो.

आमचा काळू तीन दिवसांनी आला. चारही पायांच्या गाद्या सोललेल्या. वाळकं गवत जळून गेलं तरी खालची माती किती वेळ तापलेली असते, हे तेव्हा कळलं. महिनाभर त्याला परसात उचलून नेलं. आता भाटात कुत्रा बांधत नाही. माकडं काजू खातात, खाऊ देत.


मडगावहून

मला बोर्डिंग हा प्रकारच पटत नाही, स्पष्ट बोलते. पूर्वी आपण कुठे गेलो तर शेजारीण पेज वाढायची, कुत्रा आपल्याच बाल्कांवावर, म्हणजे ओसरीवर, झोपायचा. चार दिवसांसाठी हजारो रुपये देऊन त्याला तुरुंगात घालायचं आणि मग आगीची काळजी करायची!


फोंडा (धागाकर्ती)

ताई, शेजारीणही चवथीला मूळ घरी जाते ना.


पणजीहून

मडगावच्या ताईंना अर्धी साथ. दिवाळीच्या आदल्या, नरकासुराचे पुतळे जाळायच्या रात्री आमचा कुत्रा घरीच होता, बाल्कांवावरच. पहाटे चारला कोपऱ्यावर नरकासूर पेटला, त्याच्या पोटातले फटाके फुटले आणि हा भिंतीवरून उडी मारून गेला. सहाव्या दिवशी मेरशीत सापडला. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर मार्करने लिहिला होता, पावसाने पुसून गेला होता. आता पत्र्याच्या बिल्ल्यावर कोरून घेतलाय आणि चिपही बसवली, १५ आकडी नंबर आहे. पण चिप वाचायला यंत्र लागतं, बिल्ला रस्त्यावरचा पदेर, म्हणजे पाववालाही वाचतो.


मोरजीहून

आमच्या किनाऱ्यावर ३१ मेला शॅकचा, म्हणजे वाळूवरच्या झावळ्यांच्या हॉटेलांचा, हंगाम संपतो. खांब उपटतात, झावळ्या जळणाला जातात, आणि आठ महिने माशांची डोकी नि उरलेले चिप्स खाल्लेले कुत्रे रिकाम्या वाळूत बसतात. त्याच सुमारास हंगामी पाहुणेही जातात. एक बाई सहा महिने राहिली, पिल्लू पाळलं, त्याला सोफ्यावर झोपायला शिकवलं आणि एका सकाळी घरमालकाच्या दाराशी खाण्याची पिशवी ठेवून विमानतळावर गेली. उपाशी मरेल अशा तऱ्हेने जनावर टाकून जाणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. ती बाई म्हणेल, पिशवी ठेवली होती.

ती कुत्री माझ्याकडे आली. डोक्यावर रंगाचा ठिपका होता, म्हणजे कुत्र्यांना रेबीजची लस देणाऱ्या मिशन रेबीजवाल्यांनी नुकतीच टोचलेली. २०१४ पासून ते गोव्यात वाड्यावाड्यांतून फिरतात, ठिपका दिसला की निदान एक चिंता कमी. निर्बीजीकरण मी करून घेतलं आणि घर शोधायला लागलो.

पहिला माणूस आला तो चांगला होता, पण त्याला भाटात बांधायला कुत्रा हवा होता. मी नाही म्हटलं. (वाळपईचं वाचून बरं वाटलं.) दुसऱ्यांना फोटोतला रंग आवडला होता, प्रत्यक्षात "जरा काळपट आहे" म्हणून गेले. तिसरं जोडपं निवृत्त, साळगावचं. आधी दोनदा माझ्याकडे येऊन बसले, तिला फिरवलं, मग मी त्यांच्या घरी जाऊन कुंपण बघितलं. तरी तिसऱ्या दिवशी ती पळाली. त्यांचा फोन आला तेव्हा काका रडत होते. मी म्हटलं, शोधू नका, फाटक उघडं ठेवा आणि तुम्ही घातलेला शर्ट पायरीवर टाका. रात्री अकराला आली, शर्टावर झोपली.

पहिले तीन दिवस भेदरलेला, तीन आठवड्यांनी वेळापत्रक कळलेला, तीन महिन्यांनी घरचा, असा हिशेब कुत्रा देणारे सांगतात. हिला पाच महिने लागले. आठव्या दिवशी "जमत नाही, परत घ्या" म्हणणाऱ्यांवर मी पूर्वी चिडायचो. आता आधीच सांगतो, परत आणायचा तर माझ्याकडेच आणा, रस्त्यावर नको, दुसऱ्या कुणाला परस्पर नको. असं सांगितल्यापासून उलट कमी परत येतात.


वास्कोहून, सध्या पुण्यात

मी देणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे जरा घाबरत लिहिते. नवऱ्याची बदली, तिसऱ्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट, सोसायटीचे नियम, आणि आमचा रुस्तम बारा वर्षांचा, गुडघे गेलेले. रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट एसीचा कूपे नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. त्या पेटीत त्याला रात्रभर कल्पनेतही ठेवता आलं नाही. कुडाळच्या माझ्या मावसबहिणीकडे दिला, अंगण आहे, जिने नाहीत.

लसीचं कार्ड, औषधं, आवडतं भांडं, अंथरूण न धुता, सगळं दिलं. दोन पानं भरून लिहून दिलं, काय खातो, कशाला घाबरतो, कुठे हात लावलेला चालत नाही. आठवडाभराने बहिणीचा फोन: "अगं, हा बहिरा आहे का? हाक मारली तर ढिम्म."

मी म्हटलं, काय हाक मारतेस?

"ये इकडे."

दोन पानं लिहिली आणि हेच राहिलं. बारा वर्षं आम्ही त्याच्याशी कोंकणीतच बोललो. फोन स्पीकरवर ठेवायला सांगितला आणि ओरडले, "रुस्तम, हांगा यो!" तिकडून आधी नखांचा आवाज आला, मग भांडं पडल्याचा.


फोंडा (धागाकर्ती)

वास्कोच्या ताई, तुमचं वाचून उठले आणि सुंगटजवळ जाऊन बसले. "आजा, आजा." त्या मुलाने तिला काय कमी हाका मारल्या? हिने आयुष्यात तो शब्द ऐकलेला नाही.

यंदाच्या चवथीला दुसरी जागा बघितली आहे. खटक्याचे हूक आहेत, रात्री दोन माणसं असतात, एक कारवारकडचा, एक नेपाळचा. गाडी फाटकापर्यंत जाते, मी स्वतः वळवून बघितली. पिंजऱ्याच्या दाराला लावायला पुठ्ठ्याचं कार्ड केलंय, प्लास्टिकमध्ये घालून. नाव, माझा आणि भावाचा फोन, डॉक्टरांचा फोन, चिकन चालतं, अंडं नको. खाली मोठ्या अक्षरांत, हिंदीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे वाचता येईल असं: "हांगा यो" म्हणा. नेपाळच्या दादांकडून तीनदा म्हणून घेतलं. ते "हंगा यू" म्हणतात. सुंगट आली.

आणखी कुणाचे अनुभव असतील तर येऊ द्या. मांजरांचेही चालतील.