पापणी पडलेली मुलगी : थोडी भर

वर तुम्ही लिहिलंय की गावाकडच्या त्या चार वर्षांच्या पोरीची एक पापणी जन्मापासून अर्धी खाली आहे आणि घरचे म्हणतायत लग्नाच्या वेळी बघू. तेवढं थांबू देऊ नका प्लीज! पापणीने बाहुली झाकली जात असेल तर मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकतच नाही (आळशी डोळा म्हणतात ना, तोच), मग मोठेपणी पापणी वर केली तरी नजर येत नाही. पोरगी हनुवटी वर करून बघते का ते विचारा, आमच्याकडच्या गड्याचा मुलगा तसंच बघायचा आणि सगळे म्हणायचे किती ऐटीत चालतो :)

साध्या मोतीबिंदूच्या कॅम्पात नेऊन उपयोग नाही, ऑक्युलोप्लास्टीवाला (म्हणजे पापण्यांची ऑपरेशनं करणारा डोळ्यांचा) डॉक्टर लागतो. पापणी उचलणाऱ्या स्नायूत थोडी ताकद असेल तर तोच आखडून घेतात, नसेल तर पापणी कपाळाच्या स्नायूला पट्टीने टांगतात. लहान मुलांना पूर्ण भूल देतात, 'डोळा कापणार' म्हणून आजी घाबरते, तिला आधी समजवा.

खर्चाचं म्हणाल तर धर्मादाय हॉस्पिटलात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत असतात, तिथल्या समाजसेवकाला आधी फोन करा आणि रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला सोबत न्या, आमच्या दोन खेपा त्या दाखल्यापायी फुकट गेल्या, एसटीचं भाडं आणि रोजगार बुडाला तो वेगळाच.

हो, आणि ऑपरेशननंतर झोपेत डोळा थोडा उघडा राहतो, मलम रात्री न चुकता लावायचं.