रूट कॅनालच्या मधल्या दिवसांत दाढेत कोणतं औषध घालतात?

ए-१०३ काकू: डॉक्टरताई, काल रूट कॅनालची पहिली सिटिंग झाली. आत औषध घालून वर टेम्पररी फिलिंग केलंय. रात्रीपासून दाढ ठणकतेय, दातावर दात टेकला तरी कळ येते. मला साधंच औषध घातलं का? याहून जोरदार काही मिळतं का?

बी-२०४: काकू, माझ्या दाढेत स्टेरॉइडवालं घातलं होतं. त्याच रात्री शांत झोप लागली. तेच मागून घ्या.

सी-३०१: मला कॅल्शियमचं घातलं होतं, तरी काही दुखलं नाही.

डी-४०२ डॉक्टरताई: काकू, आधी एक सांगा. सूज आहे का? ताप? तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास?

ए-१०३ काकू: नाही गं, तसलं काहीच नाही. फक्त ठणका.

डी-४०२ डॉक्टरताई: मग घाबरू नका. पहिले एक-दोन दिवस दुखणं सगळ्यात जास्त असतं, नंतर ते उतरत जातं. सूज गालावरून डोळ्याकडे किंवा मानेकडे पसरली, गिळता येईनासं झालं, ताप आला, तर मात्र वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा.

आता औषधाबद्दल. दादा आणि ताई, तुमचे दोघांचेही अनुभव खरे आहेत, पण दोघांच्या दाढांचा आजार एकच होता का, ते आपल्याला माहीत नाही. नस जिवंत असून सुजलेली असते तेव्हा दुखणं दाहाचं असतं. नस मेलेली असते तेव्हा आत जंतू असतात आणि मुळाच्या टोकाला संसर्ग होतो. यावरून औषध ठरतं.

सर्वात जास्त वापरतात ते कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याचा पीएच साधारण १२.५, म्हणजे ते अतिशय अल्कधर्मी असतं, आणि बहुतेक जंतू त्यात टिकत नाहीत. दातांच्या उपचारात ते १९२० पासून आहे. पण त्याचं काम जंतू मारण्याचं. त्याला वेदनाशामक समजू नका. एकट्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडने दुखणं फारसं कमी होत नाही, क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक मिसळलं तर थोडा जास्त फायदा दिसतो, असं अभ्यासांतून पुढे आलंय. शिवाय एन्टरोकॉकस फीकॅलिस नावाचा चिवट जंतू त्याला सहज दाद देत नाही. क्लोरहेक्सिडिन जेल त्यासाठीही उपयोगी पडतं.

बी-२०४: आणि माझं स्टेरॉइडवालं?

डी-४०२ डॉक्टरताई: ते बहुधा लेडरमिक्ससारखं असेल. आंद्रे श्रोडर यांनी १९६० च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये ते तयार केलं. त्यात ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड आणि डेमेक्लोसायक्लिन हे अँटिबायोटिक असतं. स्टेरॉइड दाह उतरवतं, म्हणून जिवंत, सुजलेल्या नसेच्या दुखण्यात ते खरंच कामाला येतं. तुम्हाला झोप लागली ती त्यामुळेही असेल. मेलेल्या, पू झालेल्या दाढेत मात्र जंतूंचा बंदोबस्त आधी हवा, तिथे मी एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवणार नाही. आणखी एक, डेमेक्लोसायक्लिनने दाताला काळपट-तपकिरी छटा येऊ शकते. दर्शनी दातात ते वापरताना दहादा विचार करावा लागतो.

सी-३०१: तीन अँटिबायोटिकची पेस्टही असते ना?

डी-४०२ डॉक्टरताई: हो. मेट्रोनिडाझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मिनोसायक्लिन. जंतूंवर जबरदस्त, पण मिनोसायक्लिननेही दात काळवंडतो. नेहमीच्या रूट कॅनालच्या ठणक्यासाठी तिची गरज पडत नाही. फॉर्मोक्रेसॉलसारखी जुनी औषधं तर मी वापरतच नाही, त्यात फॉर्माल्डिहाइड असतं आणि ते आजूबाजूच्या ऊतींना घातक.

पण काकू, सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. दुखणं सर्वात जास्त कमी होतं ते नीट सफाईमुळे: नस काढणं, कॅनाल (मुळातल्या बारीक नळ्या) हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने धुणं, जंतू आणि घाण बाहेर काढणं. मधलं औषध त्या कामाला साथ देतं. सफाई अपुरी असेल तर कुठलीही पेस्ट ते भरून काढत नाही. म्हणून "दुसरं औषध घाला" असं सांगण्याऐवजी डॉक्टरांना विचारा: नस जिवंत होती की मेलेली? सगळे कॅनाल सापडले का? फिलिंग उंच लागतंय का? दात टेकताच कळ येते म्हणालात, म्हणून मला शेवटचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. उंच असेल तर घासून पाच मिनिटांत आराम पडतो.

ए-१०३ काकू: घरात अँटिबायोटिकच्या गोळ्या उरल्यात, घेऊ का?

डी-४०२ डॉक्टरताई: अजिबात नको! ताप-सूज नसताना अँटिबायोटिकने दाढेचा ठणका थांबत नाही, फुकट रेझिस्टन्स, म्हणजे जंतूंनी औषधाला न जुमानणं, तेवढा वाढतो. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल मिळून चांगलं काम करतात, पण अॅसिडिटी-अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, दमा किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नका, डॉक्टरांना फोन करून विचारा. आणि त्या बाजूने चावू नका. फिलिंग निघालं तर लाळ आत जाते आणि जंतू परत येतात, तेव्हा लगेच कळवा.

ए-१०५ काका: ताई, मला मधुमेह आहे. दाढेतल्या स्टेरॉइडने साखर वाढेल का?

डी-४०२ डॉक्टरताई: काका, दाढेत घातलेलं प्रमाण फार थोडं असतं आणि त्यातलंही जेमतेम शरीरात जातं, त्यामुळे साखरेची चिंता नको. पण मधुमेह आहे हे पहिल्याच भेटीत सांगा, संसर्ग भरून यायला वेळ लागू शकतो. आणि टेट्रासायक्लिनची अॅलर्जी असेल तर तेही सांगा, डेमेक्लोसायक्लिन आणि मिनोसायक्लिन दोन्ही त्याच कुळातले.