मदत हवी: रॅटलची पट्टी तुटली, कशाने चिकटवू?

लेस्टरकर: शनिवारी मंडळाच्या मेळाव्यात मांडायचंय, त्यामुळे घाई आहे. इथल्या जुन्या बाजारातून व्हिक्टोरियन पोलीस रॅटल घेतलं. पोराने दोनदा फिरवलं आणि पट्टी कडकन मोडली. फेव्हिकॉल की एपॉक्सी? तेवढंच सांगा.

भाबडाभाऊ: खुळखुळा ना? बाळ किती महिन्यांचं?

लेस्टरकर: खुळखुळा नाही हो! मूठ धरून गरगरा फिरवायचं, कर्रर्र आवाज होतो. रात्रीचे पहारेकरी चोर दिसला की वाजवायचे.

सुतारपक्षी: फोटो टाका. पट्टी एक की दोन? मुळाशी मोडली की टोकाला? ती आतल्या दातेरी चाकाच्या दर दात्यावर वाकते आणि सुटून पुढच्यावर आपटते, आवाज त्याचाच. चिकटवलेला सांधा चार फेऱ्याही टिकणार नाही. सरळ बांबूची कामटी तासून बसवा.

जुनंतेसोनं: कामटी?? व्हिक्टोरियन वस्तूला? सरस लावा. गरम पाण्याने पुन्हा सुटतो, वस्तूचं वाटोळं होत नाही. एपॉक्सी लावलंत तर कायमचं बसलं.

सुतारपक्षी: मग ते वाजवू नका, कपाटात पुजा.

रातवा: 1829 मध्ये ब्रिटिश गृहमंत्री रॉबर्ट पीलने लंडनचं पोलीस दल उभारलं. त्याआधी 'चार्ली' म्हणवणारे पहारेकरी कंदील-काठी घेऊन तासातासाला वेळ ओरडत फिरायचे. टवाळ पोरं त्यांची चौकी आतल्या माणसासकट उलटी करायची! रॅटल त्यांच्याकडून नव्या पोलिसांकडे आलं, 1880च्या दशकात शिट्टीने ते घालवलं. न्यू अ‍ॅमस्टरडॅममध्ये, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कात, 1658 मध्ये पगारी 'रॅटल वॉच' होतं.

पेठकर: आमच्या पुण्यात घाशीराम कोतवालाच्या काळात रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर दिसेल तो थेट चावडीत. रॅटलबिटल काही लागत नव्हतं.

सुतारपक्षी: काका, पट्टीबद्दल बोला.

रातवा: लांबी किती? पोलिसाचं रॅटल कोटाच्या खिशात मावायचं.

लेस्टरकर: फूटभर तरी आहे, खिशात कसलं मावतंय. पट्ट्या दोन, एक शाबूत. मुठीवर पांढऱ्या रंगात 'ए आर पी' लिहिलंय, आधीच्या मालकाची आद्याक्षरं असावीत.

रातवा: अहो, हे आधी सांगायचं! एअर रेड प्रिकॉशन्स, म्हणजे हवाई हल्ल्यापासून बचावाची ब्रिटिश यंत्रणा. दुसऱ्या महायुद्धातलं आहे. विषारी वायूचा हल्ला झालाच तर तिच्या वॉर्डनने, म्हणजे गल्लीतल्या स्वयंसेवकाने, हे वाजवायचं, धोका टळला की हातघंटा. ब्रिटनवर वायू पडलाच नाही. युद्धानंतर असली रॅटलं फुटबॉलच्या मैदानात घुमली.

लेस्टरकर: म्हणजे व्हिक्टोरियाच्या नावाने पैसे गेले. इकडे 'चोर पकडणारे रॅटल' अशी पाटीसुद्धा रंगवून झालीय!! असो. शाबूत पट्टी बघून दुसरी तासतो. लाकडाच्या रेषा लांबीत ठेवायच्या ना?

सुतारपक्षी: लांबीतच. आडव्या घेतल्या तर पहिल्याच दात्याला तुकडे. कामटीचं अजूनही बघा.

भाबडाभाऊ: कितीला पडलं? साडूच्या मुलाला फुटबॉलचं वेड आहे.