झाडाचं ‘प्रजनन’ म्हणायचं का?

तापीकाठ: शेतकऱ्यांसाठीच्या पुस्तिकेचं भाषांतर करतोय. ‘फंक्शनल जीनोमिक्स’ वापरून ‘ब्रीडिंग’ सुधारणं, याला ‘कार्यात्मक जनुकशास्त्राधारित प्रजनन’ लिहिलं. रावेरच्या मामांना वाचून दाखवलं तर म्हणाले, “केळीला बी नाही, तिचं कसलं प्रजनन? पिलं फुटतात, ती लावतो.” दुसरं काही सुचवा.

जुनीवही: प्रजनन गाई-म्हशींना ठीक. पिकाला ‘पैदास’.

शुद्धमती: पैदास फारसी!

जुनीवही: खरीप आणि रब्बी अरबी. यंदा पेरणार नाही का?

कपाशी४: मामांचं बरोबर आहे. खायच्या बहुतेक केळीत गुणसूत्रांचे तीन संच, म्हणून बी धरत नाही. केळीचा जीनोम, म्हणजे तिचा सगळा जनुकीय मजकूर, 2012 साली वाचला गेला. पण वाचणं वेगळं, कुठलं जनुक काय करतं ते कळणं वेगळं; तेच फंक्शनल जीनोमिक्स. भातातलं ‘सब1ए’ हे जनुक घ्या. रोप पाण्यात बुडालं की ते वाढ रोखून धरतं, ताकद राखतं, पाणी ओसरल्यावर रोप पुन्हा उभं राहतं. हे उमगलं म्हणून ते जनुक हेरून ‘स्वर्णा’ या भाताच्या जातीत संकराने आणता आलं. ‘कार्यात्मक’ने यातलं काय कळतं? मला तर कचेरीतली फाईल दिसते. ‘जनुककार्यशास्त्र’ करा.

अहिराणीवाला: आमनाकडे एवढंच इचारतस, “हाऊ काय करस?”

शुद्धमती: आणि ब्रीडिंगला ‘वाणसुधारणा’. अस्सल मराठी.

जुनीवही: वाण म्हणजे रंग हो! ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.’ आजोबांची थिलारी जोडी होती. नवा बैल शहाणा आणला, तर महिन्याभरात तोही जुन्यासारखा जू दिसलं की खाली बसायला लागला. रंग मात्र तसूभर बदलला नाही.

कपाशी४: म्हणजे जनुकं तीच, शेजार बदलला. म्हणीतच अर्धा धडा आलाय.

शुद्धमती: दुकानात ‘कोणतं वाण देऊ?’ विचारतात, तेव्हा कुणी रंग सांगतं का?

अहिराणीवाला: कोणतं नाही, कोणता. वाण पुल्लिंगी.

शुद्धमती: पाकिटावर ‘सुधारित वाण’ छापतात, त्यात लिंग कुठे दिसतं? आणि संक्रांतीला लुटतात ते वाण नपुंसकलिंगी.

जुनीवही: ते निराळं. ते ‘वायन’वरून, हे ‘वर्ण’वरून.

तापीकाठ: मंडळी, पुस्तिका सोमवारी छापायला जातेय. जीनोमिक्सचं काय करू?

जुनीवही: थांबा हो. शुद्धमतीताई, तुमच्याकडे वाणात मेहरूणची बोरं देतात की साधी?